वाघ पाह्यला, देव नाही

घाटंजीच्या शाळेवर रुजू झाले त्या आठवड्यात मी भाड्याच्या खोलीसाठी तीन घरं पाहिली. पहिल्या दोन घरांत माझं आडनाव ऐकल्यावर, खोली कालच दुसऱ्या कुणाला दिल्याचं मालकांना एकदम आठवलं. तिसऱ्या घराचं दार एका उंच, काटक म्हाताऱ्यानं उघडलं. अंगात कॉलर विरलेला खाकी शर्ट, खाली पांढरा पायजमा आणि हातात एक पान. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ते पान माझ्यापुढं धरलं.

"हे कशाचं?"

मी पान उलटसुलट करून पाहिलं. "माहीत नाही."

"वा! ह्या गावात पयल्यांदा कोनी 'माहीत नाही' म्हनलं. या आत."

आतून बायकोचा आवाज आला, "अवो, बसू तर द्या तिले. आल्याबरोबर परीक्षा!"

आडनाव त्यांनी विचारलंच नाही. मीच सांगून टाकलं, कारण तिसऱ्यांदा चहा पिऊन परत फिरायची माझी तयारी नव्हती. ते क्षणभर माझ्याकडं पाहत राहिले. मी पर्स उचलायच्या बेतात होते.

"म्हनजे तुमच्यात देव नाही?"

"नाही. बुद्धवंदना असते. पण देव म्हणून नाही."

त्यांनी चक्क टाळी वाजवली. "ऐकलं का? आता ह्या घरात दोघं विरुद्ध एक झालं!"

त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. बुटकी, गोल चेहऱ्याची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "पोरीले तुमच्या पार्टीत नका ओढू," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "खोली झाडून ठेवली हाये. पानी सकाळी येते. ह्यायच्या बोलन्याकडं ध्यान नको देऊ बाप्पा, येडे हायेत."

मी त्या घरात पाच वर्षं राहिले. पहिल्याच आठवड्यात त्यांना काका-काकू म्हणू लागले, आणि अजूनही त्यांच्यासाठी मला दुसरा शब्द सुचत नाही.

काका वनखात्यातून राऊंड ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. गावात त्यांना राऊंडसाहेब म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातली जंगलं पायांखाली घातली होती, आणि त्यामुळं लोकांचा एक पक्का समज झाला होता, की एवढं रान पाहिलेला माणूस देवाच्या फार जवळ असणार. कुणी घरी आलं की हटकून म्हणायचं, "साहेब, तुम्ही तं निसर्गाच्या सान्निध्यात राह्यले. देव तुम्ही जवळून पाह्यला असन."

काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "वाघ पाह्यला. चौदा वेळा. देव एकदाबी नाही."

असं म्हणून ते पाहुण्याच्या चेहऱ्याकडं उत्सुकतेनं पाहत. पाहुणा हसला तर त्याला चहा मिळे. पाहुणा वाद घालू लागला तर चहाबरोबर चिवडाही मिळे. ज्याला ह्या विषयात काही रस नाही, त्याच्याशी काय बोलावं हे मात्र त्यांना कळत नसे. अशा माणसाला ते दोन मिनिटांत वाटेला लावत.

रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की ओट्यावरून त्यांचा प्रश्न येई, "आज काय पाह्यलं?" पहिल्या दिवशी मी म्हणाले, "काही नाही. शाळा आणि घर." ते हळहळले.

"काही नाही? मंग डोळे कायले देल्ले तुम्हाले?"

स्वयंपाकघरातून काकूंनी झडप घातली. "कोनं देल्ले? बोला ना, कोनं देल्ले?"

काकांनी जीभ चावली. "कोनी नाही देल्ले. आले आपोआप."

"पाय, पोरी," काकू दारात येऊन म्हणाल्या, "तोंडातून बरोब्बर निंगते. मंग गिळतात."

त्या दिवसानंतर मी रस्त्यानं बघत चालू लागले, फक्त संध्याकाळी सांगायला काही असावं म्हणून. वीजतारेवर बसलेला नीलकंठ, गटाराच्या कडेला उगवलेला धोत्रा, कापसाच्या बैलगाडीमागं चाललेला मुनियांचा थवा. मराठीत एम. ए. केलेली मी, त्या वर्षी पहिल्यांदा पाखरांची नावं शिकले. मी काही सांगितलं की काका ते कसं घडतं हे समजावून सांगत, आणि काकू ऐकून शेवटी एकच वाक्य म्हणत, "इतकं नीट केलं बाप्पा कोनीतरी."

एकदा परसातल्या दोडक्याच्या वेलीचा ताणा काकूंनी मला दाखवला. दोरीला धरून तो अर्धा एका बाजूनं पिळला होता, अर्धा उलट बाजूनं. काका लगेच वाकून सांगू लागले, की दोन्ही टोकं अडकल्यावर एकाच बाजूनं पीळ बसूच शकत नाही, वारा आला तर तुटू नये म्हणून स्प्रिंगसारखी सोय होते, वगैरे. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही कसं ते सांगता," त्या म्हणाल्या. "मी कोनं ते इचारते. तुमचं-माहं भांडनच नाही खरं तं."

दर सोमवारी काकू महादेवाच्या देवळात जात. गुडघे दुखत असल्यामुळं काका त्यांना लुनावरून सोडायचे आणि दर्शन होईपर्यंत बाहेर पिंपळाच्या पारावर बसायचे. काकूंच्या चपला त्यांच्या पायाशी असत. एकदा चपला चोरीला गेल्यापासून हे काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. शेजारपाजारच्या बायका मग आपल्याही चपला त्यांच्यासमोर काढून ठेवू लागल्या. श्रावणात तर गावातला हा एकमेव जाहीर नास्तिक, पन्नास-साठ भाविकांच्या चपलांचा राखणदार होऊन, पिंपळाच्या सालीवरच्या मुंग्या पाहत तास-तास बसलेला असे.

"आत जाऊन पाहावंसं नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"आत काय हाये ते मले मालूम हाये," ते म्हणाले. "हे बाहेरचंच अजून पाहून नाही झालं."

आमच्या शाळेत त्यांचं एक भाषण झालं. ते मीच ठरवलं होतं आणि त्याबद्दल मुख्याध्यापक माझ्यावर महिनाभर रागावले होते. पर्यावरणाचा कार्यक्रम होता. मुख्याध्यापकांनी प्रास्ताविक केलं, आणि "निसर्ग हाच परमेश्वर, त्याच्या लेकरांवर त्याची किती माया!" असं म्हणून काकांकडं हात केला. काका उठले. माइक त्यांनी बाजूला केला. जंगलात हाक मारायची सवय असलेल्या आवाजात त्यांनी मुलांना कुंभारीण माशीची गोष्ट सांगितली. ती मातीचं घर बांधते. जिवंत अळी धरून आणते. तिला डंख मारून लुळी करते, मारत मात्र नाही, कारण मेलेली अळी सडेल. त्या घरात अंडं घालून दार लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू मग ती जिवंत अळी हळूहळू खातं.

"आता सांगा," ते म्हणाले, "माया कोनावर? पिल्लावर का अळीवर?"

सभागृह गार पडलं. पाचवीतली एक मुलगी रडायलाच लागली. मुख्याध्यापक घाम पुसत होते. मग काकांनाही वाटलं असावं की जरा जास्तच झालं. ते काटेसावरीबद्दल बोलू लागले. लाल फूल पाखराला लांबून दिसावं म्हणून लाल असतं, पाखरू येतं, पराग नेतं, झाडाचं काम होतं; त्यात कुणाची माया नाही आणि दुष्टावाही नाही, असं सगळं त्यांनी सोपं करून सांगितलं.

आठवीच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. कोळशासारखे काळे डोळे, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या. "सर, पाखराले सुंदर दिसते ते समजलं. पन मले काहून सुंदर दिसते? मी काही पाखरू नाही."

मुलं हसली. काका हसले नाहीत. ते मंचाच्या कडेपर्यंत पुढं आले. मग म्हणाले, "हे मले नाही मालूम, बाई," आणि खाली येऊन खुर्चीवर बसले.

रात्रीचं जेवण झाल्यावर काकूंना ती गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली, आपली हार असूनही. मला वाटलं काकू आता टाळी वाजवतील. पण त्यांनी फक्त विचारलं, "कोनाची पोर होती? दिसायले कशी होती?" आणि ताटं उचलून आत गेल्या.

त्यांनी तसं का विचारलं हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं. मी गावी जायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसलो होतो. काका बाहेर गेले होते. काही प्रस्तावना न करता काकूंनी सांगायला सुरुवात केली.

मुकुटबनच्या पलीकडं एका लहानशा गावात वनखात्याच्या नाक्यावर काका होते तेव्हाची गोष्ट. काकू बावीस-तेवीस वर्षांच्या. तीन वर्षांची मुलगी होती. भादव्यात तिला ताप चढला. दुसऱ्या दिवशी तिला झटके येऊ लागले. काका तिला खांद्यावर घेऊन निघाले, काकू मागं. गावाबाहेरच्या नाल्याला पूर आला होता. पलीकडं रस्ता दिसत होता. रस्त्यावर उभी असलेली जीपही दिसत होती. पाणी उतरायची वाट पाहत दोघं काठावर बसले. सकाळपासून दुपारपर्यंत.

"ऊन पडलं होतं," काकू म्हणाल्या. त्यांचे हात डाळीत चालूच होते. "इतकं झकास ऊन मी पुन्हा नाही पाह्यलं. धुतल्यासारखं रान. पिवळी फुलपाखरं नुसती, ह्या काठावर वल्ल्या मातीवर थव्यानं बसलेली. पोरीनं हात केला तिकडं. फुलपाखरू, म्हने. मंग थोड्या वेळानं गेली."

मी डाळ खाली ठेवली.

"आधी हे रोज वाघोबाले नारळ फोडत. रानात शिरताना हात जोडत. मी तवा देवाधर्माची एवढी नव्हती. त्या दिवसापासून ह्यायनं हात जोडनं बंद केलं. अन् मी सुरू केलं."

"तुम्हाला राग नाही आला? देवाचा?"

"आला ना! अजून येते. रोज सकाळी भांडते मी त्याच्यासंग, दिवा लावताना. पन तोच नसन तं मी भांडू कोनासंग?" त्यांनी डाळीतला खडा उचलून अंगणात फेकला. "अन् माही पोर कोनाजवळ तरी असन ना? यांच्या हिशोबानं ती कोनाजवळच नाही. मले ते नाही जमत."

त्यानंतर काकांचं "वाघ पाह्यला, देव नाही" मला पूर्वीसारखं गमतीचं वाटलं नाही.

चौथ्या वर्षी काकूंच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. ओट्याकडच्या खोलीत खिडकीशी त्यांचा पलंग लावला. मी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर त्यांच्याजवळ बसे. एरवी सगळं काकाच करत. अंग पुसणं, पेज भरवणं, केस विंचरणं. रानात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचे हात इतके हळू चालू शकतात हे मी तेव्हा पाहिलं.

सकाळी दोन तास मात्र ते बाहेर जात. काकूच त्यांना घालवत. "जा. पाहून या. मले सांगा." नऊच्या सुमाराला ते परत येत, पलंगाजवळ स्टूल ओढून बसत आणि जे पाहिलं ते सांगत. मोहाच्या झाडाखाली फुलांचा कसा सडा पडला होता. त्यात रानडुकराचे खूर कसे उमटले होते. कोतवाल पाखरू घारीच्या पाठीवर चोच मारत तिला कसं हद्दीबाहेर घालवून आलं. एकही गोष्ट ते वाढवून सांगत नसत. जे दिसलं तेवढंच, पण इतकं बारीक की काकू डोळे मिटून ऐकत आणि मधेच विचारत, "कोनत्या बाजूच्या फांदीवर?" सांगणं संपलं की त्या हात जोडत. काका खिडकीबाहेर पाहत.

एका रविवारी मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले तेव्हा काकूंनी काकांचं मनगट धरलं होतं.

"एकदा म्हना ना," त्या म्हणत होत्या. "माह्यासाठी. एकदाच. हाये म्हना."

मी दारातच थांबले. काका काही बोलेनात. मला मनातून त्यांचा राग आला. एक शब्द तर म्हणायचा होता. मरणाऱ्या बायकोला एक शब्द खोटा दिला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं?

"तुले खोटं सांगू?" शेवटी ते म्हणाले. आवाज फाटला होता. "पंचेचाळीस वर्षांत नाही सांगतलं."

"मंग खरं सांगा."

काकूंच्या हातावर त्यांनी आपला दुसरा हात ठेवला. "मले नाही मालूम," ते म्हणाले.

काकू हसल्या. खरंच हसल्या, पोट दुखत असतानाही. "चला बाप्पा. 'नाही' वरून 'नाही मालूम' वर तरी आले. आता पुढचं मी वर जाऊन पायते."

दोन दिवसांनी, दुपारच्या चारच्या सुमाराला, त्या गेल्या.

मला वाटलं होतं, आता त्या घरातले देव गुंडाळून ठेवले जातील. तेराव्यानंतर एका सकाळी मी पाणी भरायला उठले तर काका देवघरासमोर मांडी घालून बसलेले. ताम्हनात एकेक मूर्ती ठेवून पाणी घालत होते, पुसत होते. मंत्र वगैरे काही नव्हते. फूल वाहताना ते त्या फुलाचं नाव घेत, "ही तगर. हे जास्वंद. ही गोकर्ण," जणू नव्या माणसाला ओळख करून देत आहेत.

"काका, मानायला लागलात?"

"छे. पन हे तिचे पाहुने होते. ती नाही म्हनून त्यायले उपाशी ठेवू?"

हे त्यांनी नेहमीच्या मिस्कील आवाजात म्हटलं, पण ताम्हनात पाहत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मले मानायचं हाये, मॅडम. होऊन नाही राह्यलं."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

"ती म्हने, पोर कोनाजवळ तरी असन. तिच्या मानन्यावर माहंबी भागून जाये इतके दिवस. आता तीच गेली. म्या नाही मानलं तं दोघीबी कुठंच नाहीत."

त्या वर्षी काका रोज रानात गेले. पूर्वी ते जात तसे नव्हे. पूर्वी ते बघायला जात. आता शोधायला जात. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असे. ते एखाद्या झाडासमोर नुसते उभे राहत, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी लांब थांबत असे. परत येताना त्यांच्या चेहऱ्यावरून कळे, की नाही, आजही नाही.

एकदा मोहफुलं वेचणारी एक कोलाम आदिवासी म्हातारी भेटली. वेचायला बसण्याआधी तिनं पहिली ओंजळभर फुलं झाडाच्या बुंध्याशी ठेवली. काकांनी तिला विचारलं, "आजी, हे कोनाले ठेवलं? दिसते का तुले कोनी?"

म्हातारीनं त्यांच्याकडं असं पाहिलं जसं आपण उन्हात डोकं फिरलेल्या माणसाकडं पाहतो. "दिसाले कायले पायजे? माहा लेक सुरतेले हाये कामाले. दोन वर्षं झाले, दिसला नाही. म्हनून काय मी त्याचं ताट मोडलं?"

काका तिच्याबरोबर खाली बसले आणि टोपली भरेपर्यंत फुलं वेचत राहिले.

मलाही त्यांनी विचारलं होतं. "तुमच्यात गेलेलं मानूस कुठं जाते?" मी सांगितलं, की माझी आजी गेली तेव्हा बाबा म्हणाले होते, जे जन्मतं ते जातं, हे समजून घ्यायचं आणि मागं उरलेल्यांशी चांगलं वागायचं. "बस, एवढंच?" "एवढंच." ते म्हणाले, "लय कठीन धर्म हाये तुमचा. रडाले कोनाचा खांदाच नाही." मला ते लागलं, कारण आजी गेली त्या वर्षी मी नेमका तोच खांदा शोधत होते, आणि हे मी बाबांना कधीच सांगितलं नव्हतं.

कार्तिकात त्यांनी एक दिवस विचारलं, "मुकुटबनले येता का माह्यासंग?"

पांढरकवड्याला एसटी बदलून आम्ही गेलो. पुढं ऑटो केला. वाटेत ते एकही झाड दाखवत नव्हते. गावाच्या अलीकडं त्यांनी ऑटो थांबवला. नाल्यावर आता सिमेंटचा पूल होता. पाणी घोटाभर, तळातली वाळू दिसेल इतकं नितळ. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायकांचे आवाज येत होते. काका पुलावरून खाली उतरले. चपला काढल्या, पायजमा वर खोचला आणि पाण्यात जाऊन उभे राहिले. एक लहानसा खंड्या दगडावरून उडाला आणि पुन्हा त्याच दगडावर येऊन बसला.

मी काठावर होते. बराच वेळ ते पाठमोरेच होते. मग मला त्यांचा आवाज ऐकू आला. सभागृहात दिला होता तसा, रानात हाक घालायचा.

"काहून?"

शेतातल्या बायकांचे आवाज थांबले.

"सांग ना! काहून?"

ते थांबले, मान जराशी तिरपी करून, समोरचा बोलेल म्हणून आपण थांबतो तसे. त्यांच्या पायांभोवती पाणी वाहत होतं. मग ते वळले आणि हळूहळू काठावर आले. मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला. तळवा गार पडला होता.

"काय झालं, काका?"

"काही नाही. उत्तर नाही आलं." ते दगडावर बसले आणि पाय पुसू लागले. "चाळीसच्या वर वर्षं झाली, मॅडम. म्या कधी इचारलंच नव्हतं. कोनाले इचारावं म्हनून. हिनं रोज इचारलं. म्या एकदाबी नाही."

परतीच्या एसटीत त्यांना झोप लागली. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. पांढरकवडा येईपर्यंत मी हलले नाही.

पुढच्या वर्षी माझी यवतमाळला नेमणूक झाली, लग्न झालं, मुलगा झाला. घाटंजीला जाणं वर्षातून दोनदा, मग एकदा. जाईन-जाईन म्हणत मागच्या दिवाळीला राहूनच गेलं, आणि मार्गशीर्षात त्यांच्या पुतण्याचा नागपूरहून फोन आला.

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. काका शांत दिसत होते. पुतण्या मला बाजूला घेऊन गेला. भला माणूस, पण गोंधळलेला. "ताई, तुम्ही त्यांना जवळून पाहिलंत. गावातले अर्धे म्हणतात ते काही मानत नव्हते, विधी नको. अर्धे म्हणतात, रोज पूजा करायचे. काय करू? मानत होते का ते?"

मला पाण्यात उभे असलेले, मान तिरपी केलेले काका दिसले. ह्याला ते कसं सांगायचं? "काकूंचं जसं केलं होतं तसं करा," मी म्हणाले. "त्याच ओळखीच्या वाटेनं तेही जातील."

असं बोलून गेले आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं.

त्या रात्री शेजारच्या घरी मुक्काम करून मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. गावाबाहेर पाचेक किलोमीटरवर गाडीचं चाक बसलं. उतरून सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. धुकं नुकतं फाटत होतं. सोयाबीन निघालेली मोकळी शेतं होती आणि त्यांतल्या प्रत्येक धसकटावर, प्रत्येक काडीवर कोळ्यांनी जाळी विणली होती, पार क्षितिजापर्यंत. सगळ्या जाळ्यांवर दव होतं. सूर्य वर आला तशी ती एकेक करून पेटत गेली. माझ्या शेजारी उभी असलेली कॉलेजची पोरं मोबाइलवर बोलत होती. कंडक्टर जॅक लावत होता.

मी अशा घरात लहानाची मोठी झाले, जिथं हात जोडून कुणाकडं काही मागत नाहीत. मला मागायचं नव्हतंच काही. पण तिथं, त्या शेतासमोर, माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. ते दोघं मला भेटले होते. दोन दारं बंद झाली म्हणून तिसरं उघडलं होतं. एका गावात एका ओट्यावर पाच वर्षं मला बसायला मिळालं होतं. ह्या सगळ्याबद्दल मला कुणाचे तरी आभार मानायचे होते, आत्ता, ह्या क्षणी, मोठ्यानं.

कुणाचे, ते कळेना. मी त्या शेताकडं तोंड करून उभी राहिले आणि म्हणाले, "थँक्यू."

कंडक्टरनं मान वर करून पाहिलं. "अजून दहा मिनिटं लागतीन, मॅडम," तो म्हणाला. "झालं नाही अजून."